चेस्टनटच्या बागेतली खडी

प्रिय चिगुसा,

तुझं पत्र मिळालं, आणि त्याबरोबर पाठवलेली वाळक्या कोम्बू शेवाळाची जुडीही. जुडी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. दार उघडलं की घरात समुद्राचा वास येतो आणि तुझं हाकोदाते इथून फारसं लांब नाही असं उगाच वाटतं. पत्राला मात्र लगेच उत्तर दिलं नाही. चेस्टनट पडायला लागले होते हे कारण खरं आहे, पण ते अर्धंच. बोंडांचे काटे बोटात शिरले की पेन धरवत नाही हेही खरं, पण ते तर दरवर्षीचंच आहे. उरलेलं अर्धं कारण असं की तुला काय लिहायचं ते मला कळत होतं, आणि ते लिहिण्याआधी एक काम उरकायचं होतं.

तू लिहिलंस, महिनाअखेर मी राजीनामा देते आणि कामितोरीला येते, बाग आता मी बघेन, आत्याने गुडघ्यांना विश्रांती द्यावी. वाचून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग तुझ्या बाबांचा राग आला. मग थोडा तुझाही. सहा पानांचं पत्र तुझं, त्यात पाच पानं तुमच्या केंद्रातल्या शेवाळाच्या रोपांवर: टाकीतलं पाणी किती थंड लागतं, दोरीवर बी कसं धरतं, वादळात कुठली दोरी तुटली. आणि गावी येण्याबद्दल शेवटी चार ओळी, तब्येतीची चौकशी करावी तशा. पोरी, माणसाला काय हवंय ते त्याच्या पत्रात दिसतंच, त्याने सांगितलं नाही तरी.

आता तुला जरा मागचं सांगते. घरात तू जी गोष्ट ऐकत मोठी झालीस ती अशी: तोमोएआत्याला झाडांची फार आवड, म्हणून आजोबांनी बाग तिला दिली. ही गोष्ट खोटी नाही, उलटी आहे. बाग आधी आली, आवड खूप नंतर. तुझे आजोबा गेले तेव्हा मी शहराच्या जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवत होते. माझ्या अंगाला बारा महिने क्लोरीनचा वास यायचा आणि कुदळ कुठून धरतात हे मला ठाऊक नव्हतं. तुला तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे गेले, आणि आपले हिशोबनीस मुरोई-सान बैठकीच्या खोलीत पाय दुमडून बसले. स्टेशनच्या फलाटावरून दिसणारी ती बाग, तिची किंमत ऐकून मला हसू आलं होतं. त्यावरचा वारसाकर ऐकल्यावर मात्र कुणालाच हसू आलं नाही. अर्धी जमीन विकावी लागली असती. नाहीतर भाड्याने दिलेल्या दोन इमारतींपैकी एक.

तर मुरोई-सान म्हणाले की एक वाट आहे. वारसाने स्वतः शेती केली तर कर बाजूला ठेवतात. माफ नव्हे, बाजूला. वारस शेती करतोय तोवर तो मागत नाहीत, आणि वारस गेला की तो कायमचा मिटतो. त्यांना 'मरण' हा शब्द उच्चारवत नसे, ते 'त्या प्रसंगी' म्हणायचे. शेती मध्येच सोडली तर मात्र सगळा कर व्याजासकट एकदम दारात. मी विचारलं, म्हणजे आयुष्यभर? ते अदबीने वाकून म्हणाले, “हो. त्या प्रसंगापर्यंत.”

तुझे बाबा आजोबांच्या जागी नगरसभेला उभे राहणार होते. पणजोबांपासूनची ती खुर्ची. तिथे बसायचं तर बागेत कोण वाकणार? मोठी मुलगी होती मी, लग्न झालं नव्हतं, नोकरी काय, पोहण्याची. कुणी जबरदस्ती केली नाही हो. आपल्या घरात जबरदस्ती करत नाहीत, नुसता चहा पुन्हा ओततात आणि गप्प बसतात. तिसऱ्या वेळी चहा ओतला तेव्हा मीच म्हटलं, करते मी.

ती झाडं चेस्टनटचीच का, याचाही विचार तू कधी केला नसशील. आजोबांच्या लहानपणी तिथे मुळे आणि कोबी होते. शहर वाढलं, जमिनीला भाव आला, आणि शेत म्हणून राखलं तरच कर कमी अशी वेळ आली तेव्हा त्यांनी कोबी काढून चेस्टनट लावले, कारण कमीत कमी मेहनतीत शेत दिसतं ते चेस्टनटमुळे. शेतजमीन असल्याची पांढरी पाटी कुंपणाला लागली, वर्षातून एकदा शेती समितीची माणसं फेरी मारून बघून जायची, झालं काम. आजोबा लबाड नव्हते. ज्यांची पोटं खरोखर कोबीवर चालत होती अशा गावकऱ्यांना घेऊन ते शेताचा कर कमी करणाऱ्या कायद्यासाठी तोक्योला खेटे घालत होते. कायदा त्या लोकांसाठी झाला आणि त्यांच्यासाठी तो योग्यच होता. दार त्यांच्यासाठी उघडलं आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही आत शिरलो, एवढंच. मुरोई-सान म्हणायचे, कर चुकवला तर गुन्हा, टाळला तर शहाणपण. माणूस सज्जन होता, त्यांचं चूक असं काही निघायचं नाही. मलाच ते ऐकून रात्री जेवण कमी जायचं.

पण बाग मी नुसती दिसण्यापुरती ठेवली नाही, हे तुला माहीत आहे. हट्टच म्हण. शेतकरीण म्हणून नाव लावायचं तर शेती तरी खरी करायची. छाटणी शिकले, खोडकिडा शिकले, बोंडं बुटांनी दाबून फोडायला शिकले. पहिली काही वर्षं रडले, मग राग गेला, मग एका शरदात लक्षात आलं की सुट्टीच्या दिवशीही मी बागेतच जातेय. कुंपणापाशी फळी टाकून चेस्टनटच्या पिशव्या ठेवते, लोक डब्यात पैसे टाकून उचलतात, तिथे कुणी बसत नाही. या सगळ्यात सुख नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते म्हटलं तर झाडांवर अन्याय होईल.

एक गोष्ट मात्र मी घरात कुणाला सांगितलेली नाही. तलावावर माझ्याबरोबर हामानो नावाचे एक शिक्षक होते. बाग घेतल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांची मात्सुयामाला बदली झाली. जाण्याआधी ते बागेत आले, छाटलेल्या फांद्यांची मोळी बांधायला मदत केली आणि मला विचारलं, येतेस का? मी म्हटलं, झाडांकडे कोण बघेल? ते म्हणाले, झाडांना काय, कुणीही बघेल. आता त्यांना मी काय सांगणार होते? की कुणीही बघून चालत नाही, मीच बघायला हवं, नाहीतर आमच्या घरावर व्याजासकट कराचा डोंगर कोसळेल? एखाद्या पुरुषाला असं सांगता येतं का? मी हसून विषय बदलला. त्यांनी दोन वर्षं नववर्षाची कार्डं पाठवली, मग त्यांच्या लग्नाचं पाठवलं. मला ते आवडायचे, चिगुसा. फार आवडायचे.

हे वाचून बाबांवर चिडू नकोस. तुझे बाबा वाईट नाहीत, आणि मी हे बहीण म्हणून म्हणत नाही, बहिणी तर भावांना चांगल्या ओळखतात. बर्फ पडला की ते म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ स्वतः फावड्याने ओढतात, फोटोवाला नसतानाही. कुणाच्या घरी गमी झाली की रात्रभर बसतात. पाळणाघरांसाठी तर ते इतकी वर्षं भांडताहेत. बंद पडलेल्या सार्वजनिक स्नानगृहात पाळणाघर उघडलं ते त्यांच्यामुळेच. तरी अजून प्रतीक्षा यादीत मुलं आहेत आणि आया वैतागल्या आहेत. प्रत्येक भाषणात ते सांगतात, स्टेशनजवळ मोकळी जागाच नाही हो, आम्ही सगळीकडे शोधली. आणि समोर बसलेल्या आयांच्या मागे, खिडकीतून, आपले चेस्टनट दिसत असतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी एकदा त्यांना तसं म्हटलंही. ते हसले नाहीत. म्हणाले, “ताई, कायद्याने दिलंय ते घ्यायचंही नाही का? मी नियम मोडला का कुठे?” नव्हताच मोडला. तेच तर अवघड आहे.

आता या वर्षीच्या निवडणुकीचं सांगते, ते तुला बाबांनी सांगितलेलं नसणार. पावसाने रस्ते चिखलात गेले होते आणि प्रचाराच्या गाड्या रुतत होत्या. प्रचार कार्यालयातल्या कुणा उत्साही माणसाच्या डोक्यात आलं की साहेबांचीच बाग समोर आहे, कोपऱ्यात गाड्या लावू. नुसत्या लावल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. त्याने सांजवेळी ट्रकभर खडी आणून तिथे पसरली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. शेतात खडी पसरून गाड्या लावल्या म्हणजे ते शेत उरलं नाही, आणि समितीची फेरी दुसऱ्याच दिवशी दुपारी होती. मला पहाटे कळलं. तुझ्या बाबांना फोन केला तर ते आधीच निघाले होते. नवे कोरे रबरी बूट, फोटोसाठी ठेवलेले, ते घालून आले आणि सरळ चिखलात उकिडवे बसले.

यंत्र आणायची सोय नव्हती, मुळं तुटली असती. त्यामुळे खडी हातानेच वेचायची. मी, तुझे बाबा आणि तो उत्साही माणूस, तोही रडवेला. चिखलात दगड बुडालेले, पाऊस भुरभुरतोय, आणि कुंपणापलीकडून तोक्योला कामाला जाणारे लोक बघत जाताहेत. तुझ्या बाबांचा आवाज प्रचाराने बसला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, मी काय करतोय हे कुणी विचारलं तर काय सांगू?” मी म्हटलं, शेती.

तेवढ्यात सेकिने-सान आले. तातामीच्या गवती चटया शिवणारे सेकिने, तू लहानपणी त्यांच्याकडे गवताच्या काड्या मागायला जायचीस. त्यांचे वडील आणि तुझे आजोबा एकाच वर्षी गेले. त्यांच्या वडिलांच्या गमीत तुझे बाबा उजाडेपर्यंत बसले होते. त्यांचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं, त्यामुळे जमीन महाग, कर महाग. आणि तातामी शिवणं ही काही शेती नव्हे, त्यामुळे त्यांना कर बाजूला ठेवण्याची वाट नव्हती. दुकान विकलं, कर भरला. तिथे आता तीन अरुंद घरं उभी आहेत, आणि ते गावाबाहेर लोखंडवाल्याच्या मागच्या भाड्याच्या शेडमध्ये शिवत बसतात. आजवर त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. आपली पोस्टरं लावायला सर्वांत आधी तेच येतात.

ते छोट्या ट्रकमधून चालले होते. थांबले, कुंपणातून पाहिलं. काय झालंय हे त्यांना विचारावं लागलं नाही, पांढरी पाटी काय असते ते गावात सर्वांना ठाऊक आहे. ट्रकमधून हातमोजे काढले आणि आत येऊन वाकले. म्हणाले, “आधी सांगायचं ना साहेब. हे काय तिघांचं काम आहे?” बादल्या भरत होत्या. मग खाली मान घालून, दगड वेचता वेचता, ते म्हणाले, “आमचं नाही वाचलं, तुमचं तरी वाचू दे.”

चिगुसा, त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा कसा परतवायचा ते मला येतं. पण त्यांनी ते मनापासून म्हटलं, शेजारच्याच्या घराला आग लागली तर पाणी घेऊन धावावं तसं. स्वतःचं दुकान विकून ज्याने कर भरला तो माणूस आमचा कर वाचावा म्हणून चिखलात वाकला होता. मी तुझ्या बाबांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

दुपारी समिती आली, जमीन बघून 'छान ठेवलंय' म्हणून गेली. सेकिने-सान त्याआधीच कामाला निघून गेले होते. तुझे बाबा म्हणाले, त्यांना काहीतरी पाठवायला हवं. लगेच त्यांना स्वतःलाच आठवलं. उमेदवाराला मतदारांना काही देता येत नाही ना, कायद्याने बंदी आहे. एक पिशवी चेस्टनटसुद्धा नाही. एवढा मोठा कर न देणं कायद्यात बसतं आणि मूठभर आभार बसत नाहीत. हे मी हसत हसत म्हटलं. ते उठून झाडामागे गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला वाटतं रडत होते. निवडणूक ते जिंकले, पण त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

मग पितरांच्या सणाला, ओबोनच्या सुट्टीत, तू आलीस. माझे गुडघे वाजताना ऐकलेस. तू परत गेल्यावर तुझे बाबा मला म्हणाले, चिगुसाला बाग घ्यायची फार इच्छा आहे, तिलाच ही माती आवडते. आणि तुझ्या पत्रातून कळलं की तुला त्यांनी सांगितलं होतं, आत्याची फार इच्छा आहे की तू यावंस. दोघींना दोन गोष्टी. ते ठरवून खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांना दोन्ही खरं वाटत असणार. वारस ठरत नाही तोवर त्यांना झोप येत नाही आणि माझ्या गुडघ्यांकडे बघताना त्यांना नेमकं काय वाटतं ते त्यांनाच सांगता यायचं नाही. मी जगून राबले तर घराचं भलं, आणि 'त्या प्रसंगी' तर आणखीच भलं. फक्त मी थांबले तर चालत नाही. इतकी वर्षं सगळे माझ्या तब्येतीची चौकशी मायेने करतात, आणि त्या मायेत ही गोष्ट मिसळलेली आहे हे मला कळतं. मी त्यांना दोष देत नाही. पण तुझ्या तब्येतीची अशी चौकशी कुणी करावी हे मला सहन होणार नाही.

तर आता ते काम, ज्यासाठी उत्तर लांबवलं. शेवटचे चेस्टनट उतरवले आणि परवा मी एकटी नगरकचेरीत गेले. शेती सोडत असल्याचं लिहून दिलं, शिक्का मारला. रस्त्याकडची बाजू शहर पाळणाघरासाठी घेणार आहे. मागची विकली जाईल आणि त्यातून आजोबांच्या वेळचा सगळा कर व्याजासकट भरला जाईल. माझ्या म्हातारपणापुरतं उरेल, भाड्याच्या इमारतींना हातही लागत नाही, कुणी भिकेला लागत नाही. परत येऊन तुझ्या बाबांना सांगितलं. ते आधी ओरडले, पणजोबांपासूनचं सगळं काढलं. मग म्हणाले, “ताई, कुणी कर भरला याची बातमी होत नाही, टाळला याचीच होते,” आणि स्वतःच कसंनुसं हसले. निघताना दारात बूट घालता घालता त्यांनी विचारलं, “आता तू कुठे जाणार?” इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ठरवलं नाही, न ठरवण्याची चैन करतेय. मग ते म्हणाले, “चिगुसाला तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही.” म्हणून हे पत्र. कागदोपत्री बाग आता कुणालाही मिळणार नाही, त्यामुळे तुला ती घेण्यासाठी कुणी चहा ओतणार नाही. तो राजीनामा लिहिला असशील तर फाडून टाक. टाकीतली रोपं दोरीवर चढवायची वेळ आली आहे, तू तिथे हवीस. मी एकटी पडेन अशी काळजी करू नकोस, आणि मला वाईट वाटतंय का असं विचारशील तर हो, झाडं तोडतील तेव्हा मी बघायला थांबणार नाही. पण नववर्षाला तू ये, जरूर ये. सुट्टी घेऊन ये, आणि चार दिवसांनी परत जा.

तुझीच, आणि आता नुसतीच आत्या,
तोमोए